क्रॉस फेलचा मढेघाट: एका न गाठलेल्या माथ्याचं प्रकरण

उत्तर इंग्लंडमध्ये डोंगराला ‘फेल’ म्हणतात. हजारेक वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला हा शब्द आहे. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “नावातच नापास आहे, मग जायचं कशाला?” आणि दुसऱ्याच क्षणी, “कधी जायचं?”

बाबा त्रेसष्ट वर्षांचे. चाळीस वर्षं सह्याद्रीत पायपीट केलेली. त्या वर्षी ते दिवाळीला आमच्याकडे लीड्सला आले होते. त्यांची अट एकच होती, गर्दी नको. कळसूबाईच्या शिड्यांवर रांगेत उभं राहून आणि कोकणकड्यावर शनिवारचे तंबू मोजून ते कंटाळले होते. लेक डिस्ट्रिक्टमधले नावाजलेले डोंगर त्यामुळे आपोआप बाद झाले. नवऱ्याच्या ऑफिसात निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ आहेत, आयुष्यभर पेनाइन डोंगररांगेत भटकलेले. त्यांनी नाव सुचवलं क्रॉस फेल. उंची 893 मीटर. पेनाइन रांगेतलं हे सर्वांत उंच ठिकाण, आणि लेक डिस्ट्रिक्ट सोडलं तर सगळ्या इंग्लंडमधलंही. तरीही तिथे फारसं कोणी जात नाही, कारण वाट लांब आहे आणि फोटो काढावा असा कडा किंवा सुळका नाही.

त्या दिवशी कोणालाही इजा झाली नाही, कोणाची सुटका करावी लागली नाही. माथा न गाठता आम्ही तिघं परत आलो, एवढंच. तरी मी हे सविस्तर लिहून काढते आहे, कारण नियोजन माझं होतं. त्यातलं बरंचसं बरोबर निघालं आणि जे चुकलं ते नेमकं मी सर्वांत कमी वेळ दिलेल्या जागी चुकलं.

उंचीचा आकडा

893 हा आकडा ऐकून बाबा हसले. सिंहगडसुद्धा तेराशेच्या घरात, कळसूबाई 1646. पण समुद्रसपाटीपासूनची उंची आपण चढतच नाही, चढतो ती पायथ्यापासूनची. क्रॉस फेलच्या पश्चिम पायथ्याचं कर्कलंड हे गाव सव्वादोनशे मीटरच्या आसपास आहे. म्हणजे चढ साधारण पावणेसातशे मीटरचा. अतकरवाडीतून सिंहगड चढणाऱ्याला तो परका नाही. फरक लांबीत आहे. सिंहगडाचा चढ तासा-दीड तासात उरकतो. इथे तेवढ्याच उंचीसाठी सात-साडेसात किलोमीटर चालायचं आणि तेवढंच परत यायचं.

खरा फरक मला नकाशाने दाखवला. ऑर्डनन्स सर्व्हेचा 1:25,000चा नकाशा, ओएल 31. त्यावर एक किलोमीटर म्हणजे चार सेंटिमीटर आणि समोच्च रेषा दर दहा मीटरला. सह्याद्रीच्या नकाशात या रेषा कड्यापाशी एकमेकींना चिकटून काळा पट्टा होतात. बाबांची नजर तशा पट्ट्याला सरावलेली. तो दिसला की तिथे धोका, आणि तिथेच खूणही. क्रॉस फेलच्या माथ्यावर रेषा एकमेकींपासून इतक्या लांब गेल्या आहेत की मधे बोट ठेवावं. माथा म्हणजे रुंद, दगडगोट्यांचं पठार. ढग उतरला की चारही दिशा सारख्याच. कडा नाही म्हणून पडायची भीती नाही, आणि कडा नाही म्हणूनच आपण कुठे आहोत हेही कळत नाही. वर जमीन मोजणाऱ्यांनी उभारलेला एक त्रिकोणमितीचा खांब आहे आणि वाऱ्यापासून आडोसा म्हणून रचलेली क्रॉसच्या आकाराची दगडी भिंत. कोणत्याही दिशेचा वारा असो, तिचा एक कोपरा कामाला येतो. पण ती सापडली तर.

निवांत डोंगर म्हणजे काय याचाही विचार तेव्हाच झाला. आपल्याकडे आडवाटेच्या किल्ल्यावरही एखादी वाडी लागते, गुराखी भेटतो, “मामा, वाट कुठनं?” असं विचारता येतं. इथे शेवटची दगडी भिंत ओलांडली की मेंढ्या भेटतात.

दोन वाटा

नवऱ्याच्या मनात आधी मोठा बेत होता. डफ्टन गावातून निघायचं. नॉक फेल, ग्रेट डन फेल, लिटल डन फेल असं करत क्रॉस फेल, आणि पलीकडे गॅरिगिलला उतरायचं. ही पेनाइन वेची मूळ वाट. 1965 साली खुली झालेली ही ब्रिटनची पहिली राष्ट्रीय पायवाट आहे, एकूण 431 किलोमीटरची. तिचा हा टप्पा पंचवीस किलोमीटरच्या आसपास भरतो आणि चढ हजार मीटरच्या पुढे जातो. ग्रेट डन फेलवर हवाई वाहतुकीच्या रडारचा पांढरा गोल घुमट आहे, तो लांबून ओळखू येतो. बेत मोहात पाडणारा होता.

मी पेन्सिल घेऊन बसले. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली घालून दिलेला हिशेब अजून चालतो. पाच किलोमीटरला एक तास, शिवाय दर सहाशे मीटर चढाला आणखी एक तास. या हिशेबाने मोठ्या वाटेला साडेसहा तासांहून जास्त लागतात. पण नेस्मिथचा माणूस तरणा आहे, चहाला थांबत नाही आणि त्याच्या वाटेत चिखल नाही. मी वर तीस टक्के धरले. साडेआठ तास झाले, थांबे वेगळेच.

दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला होती. त्याआधीच्या रविवारी इथली घड्याळं एक तास मागे गेली होती. त्या शनिवारी सूर्य सव्वासातला उगवणार आणि साडेचारला मावळणार. सव्वानऊ तासांच्या उजेडात नऊ-साडेनऊ तासांची वाट बसवायला नवरा अजूनही तयार होता. बाबांनीच त्याला थांबवलं. “जावईबापू, अंधारात उतरायची हौस माझी भागलीय. हरिश्चंद्रगडावर एक रात्र दगडाला टेकून काढलीय मी.”

म्हणून मग कर्कलंडहून वर आणि त्याच वाटेने खाली. एकच गाडी पुरते. जाताना पाहिलेली वाट येताना ओळखीची होते, आणि परत फिरायचं ठरलं तर जिथे असू तिथून फिरता येतं. आरपार जाणाऱ्या वाटेत अर्धं अंतर ओलांडलं की परतणं आणि पुढे जाणं सारखंच होतं, मग माणूस पुढेच जातो. मला तर जाऊन-येऊन करायची वाट कमअस्सल वाटत नाही. नवऱ्याला वाटते. हा वाद अजून मिटलेला नाही.

कर्कलंडची वाट आणखी एका कारणाने पसंत पडली. ही जुनी प्रेतवाट आहे. मध्ययुगात गॅरिगिलला स्वतःची दफनभूमी नव्हती. तिथली माणसं गेली की त्यांना खांद्यावरून हा डोंगर ओलांडून कर्कलंडच्या चर्चपर्यंत आणत. हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांनी चष्मा वर केला. “मढेघाट!” केळदजवळच्या मढेघाटातून तानाजी मालुसऱ्यांचं शव खाली उमरठला नेलं, अशी आपल्याकडे परंपरा सांगतात. त्या क्षणापासून आमच्या घरात क्रॉस फेलचं नाव मढेघाट पडलं. वेळापत्रकाच्या कागदावरही मी तेच लिहिलं.

कागदावर काय होतं

वाट अशी. कर्कलंडमधून रुंद कच्चा रस्ता ईशान्येला चढत जातो. पहिल्या तासात शेतांच्या भिंती आणि फाटकं संपतात. मग उघडा डोंगर. सहा-साडेसहा किलोमीटरवर वाट माथ्याच्या उत्तर खांद्यावर येते, उंची पावणेआठशेच्या आसपास. तिथे पेनाइन वे येऊन मिळते. दक्षिणेला वळलं तर एक किलोमीटरवर माथा, शे-सव्वाशे मीटर चढ. पूर्वेला उतरत गेलं तर पाऊण-एक किलोमीटरवर ग्रेग्ज हट.

ही झोपडी म्हणजे पूर्वीच्या शिशाच्या खाणीची इमारत. 1968 साली आल्प्समध्ये मरण पावलेल्या जॉन ग्रेगरी या गिर्यारोहकाच्या स्मरणार्थ ती नीट करून तिला त्याचं नाव दिलं. माउंटन बॉथीज असोसिएशन ही संस्था अशा झोपड्या सांभाळते. दार उघडंच असतं, पैसे नाहीत, आरक्षण नाही. आत चूल आहे, पण त्या उंचीवर झाड नाही, सरपण लागलं तर पाठीवर न्यावं लागतं. खाणीमुळे या बाजूला जुने खड्डे आणि विहिरीसारखी तोंडंही आहेत, म्हणून वाट सोडून आडवं जायचं नाही, असं कागदावर लाल रेघेत लिहिलं.

माथा आणि झोपडी दोन्ही धरून सतरा किलोमीटर. नेस्मिथने साडेचार तास, तीस टक्के वाढवून सहा, थांब्यांचा पाऊण तास. साडेआठला निघालो तर सव्वातीनला खाली. सूर्यास्ताआधी सव्वा तास शिल्लक.

त्या खांद्यावरच्या जागेला मी “तिठा” म्हटलं आणि तिथे अट घातली. सव्वाबाराच्या आत तिठ्यावर पोचलो तरच पुढे जायचं. एक मिनिट उशीर झाला तरी परत. आणि दुसरा नियम असा की तिघांची मतं वेगळी पडली तर बहुमत चालणार नाही, सर्वांत सावध मत चालेल. हा नियम बाबांचा. त्यांच्या जुन्या गिरिभ्रमण मंडळात तोच होता. ते म्हणाले, “ज्याला भीती वाटते त्याला काहीतरी दिसलेलं असतं. काय, ते खाली उतरल्यावर विचारावं.”

शेजारच्या आजींकडे कागदाची एक प्रत ठेवली. कुठून जाणार, गाडीचा नंबर, आणि सहापर्यंत फोन आला नाही तर 999 लावून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं. इथली बचाव पथकं स्वयंसेवकांची आहेत आणि पैसे घेत नाहीत, लोणावळ्याच्या शिवदुर्गसारखीच. शिट्टी तिघांच्या गळ्यात. मिनिटात सहा वेळा फुंकायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. डोक्याला लावायचे दिवे दोन होते, तिसरा विकत आणला. खाण्यात चिक्की आणि दिवाळीचा फराळ. इथे जरा विषयांतर करते. डोंगरावर न्यायला बेसनाच्या लाडवासारखा पदार्थ नाही. थंडीत दगड होत नाही, हातमोजे न काढता खाता येतो, आणि एका लाडवात तूप-साखर इतकी की तासभर चालता येतं. चकलीचा मात्र पिशवीत भुगा होतो.

बाबांचे बूट ही गोष्ट मी पाहूनही सोडून दिली. त्यांनी पुण्याहून त्यांचे नेहमीचे कॅनव्हासचे बूट आणले होते. सह्याद्रीच्या कातळावर ते सरड्यासारखे चिकटतात. मी म्हटलं, “बाबा, इथे कातळ नाही, चिखल आहे. तुम्हाला नवे घेऊ या.” ते म्हणाले, “नवे बूट घालून कोणी ट्रेकला जातं का?” ते खरंही होतं. मी दोन जोड लोकरी मोजे पिशवीत टाकले आणि विषय संपवला.

हवामान, आणि मी वाचलेलं एक पान

डोंगरासाठी इथे वेगळा अंदाज निघतो, माउंटन वेदर इन्फर्मेशन सर्व्हिसचा. शहरातल्या अंदाजाचा वर काही उपयोग नसतो. त्यात यॉर्कशर डेल्स आणि उत्तर पेनाइनसाठी स्वतंत्र पान असतं. माथ्यावर वारा किती, त्या वाऱ्यात चालणं कितपत जमेल, ढग कुठवर उतरतील, गोठणबिंदू किती उंचीवर, सगळं. शुक्रवारी संध्याकाळी अंदाज होता ईशान्य-पूर्वेचा वारा, माथ्यावर ताशी 35 मैल, तापमान एक अंश, ढग सहा-सातशे मीटरच्या वर, पाऊस नाही. एक अंशात तेवढा वारा अंगाला उणे सातसारखा लागतो. कठीण, पण कपडे होते.

क्रॉस फेलच्या वाऱ्याबद्दल मी वाचलं होतं. ब्रिटनमध्ये स्वतःचं नाव असलेला हा एकच वारा, हेल्म विंड. ईशान्येकडून आलेली हवा डोंगररांग ओलांडते आणि पश्चिमेच्या उतारावरून ईडन नदीच्या खोऱ्यात कोसळते. तेव्हा माथ्यावर ढगाचं टोपरं बसतं. हेल्म म्हणजे शिरस्त्राणच. आणि काही मैल पश्चिमेला, खोऱ्यावर, रांगेला समांतर एक लांब गुंडाळी ढग तयार होतो, त्याला बार म्हणतात. वारा वाहत राहतो आणि हा ढग मात्र जागचा हलत नाही. गॉर्डन मॅन्ली या हवामानशास्त्रज्ञाने 1930च्या दशकात ग्रेट डन फेलवर लहानशी झोपडी उभारून याच्या नोंदी घेतल्या. दगडावरून पाणी गेलं की दगडाच्या पुढे लाट उभी राहते, तशी डोंगरापुढे हवेची लाट उभी राहते, हे त्यातून स्पष्ट झालं.

हे सगळं मला ठाऊक होतं. पण मी वाचलं होतं की हा वारा मुख्यतः हिवाळ्याच्या शेवटी आणि वसंतात येतो. आम्ही नोव्हेंबरात जाणार, म्हणून मी ते पान मिटलं. मुख्यतः हा शब्द मी वाचला आणि विसरले.

शनिवार

ए-66 सोडून टेम्पल सावर्बीपाशी आत वळलो तेव्हा उजाडलं होतं. हवा एकदम पडलेली. धुराड्यातला धूर सरळ वर जात होता. बाबा म्हणाले, “कुठाय तुझा वारा?” डोक्यावर काळपट ढगाचा एक लांबच लांब लोड होता, उत्तर-दक्षिण पसरलेला. त्याच्या पलीकडे निळ्या आकाशाची पट्टी, आणि पट्टीच्या पलीकडे डोंगर, डोक्यावर पांढरं टोपरं ओढून बसलेला. मी फोटो काढला. तो फोटो आजही माझ्याकडे आहे. हेल्म विंड शिकवायला वर्गात लावावा इतका स्वच्छ. बारच्या खाली वारा नसतो, हेसुद्धा त्याच पानावर होतं. तेव्हा मला फक्त दृश्य सुंदर वाटलं.

कर्कलंडला गाडीचं दार उघडलं आणि वाऱ्याने ते हातातून हिसकावून घेतलं.

आठ चाळीसला निघालो. नवरा म्हणाला, पायथ्याशीच इतका वारा तर वर काय असेल. मी अंदाजाचं पान काढून दाखवलं, वर 35 मैल. इथे तेवढाच असेल, वर थोडा जास्त. आमच्या तिघांच्याही डोक्यात एकच समज होता की वारा उंचीबरोबर वाढतो. सह्याद्रीत तसंच अनुभवलेलं, माचीवर कमी, बालेकिल्ल्यावर जास्त. हेल्म विंडचं उलट असतं. हवा उतारावरून घसरत येते आणि पायथ्याकडे येता येता जोर धरते. म्हणजे आम्ही सर्वांत वाईट वाऱ्यात चालायला सुरुवात केली होती, आणि परतीच्या शेवटी पुन्हा त्यातच येणार होतो. ते मला रविवारी सकाळी कळलं.

शेवटचं फाटक पावणेदहाला ओलांडलं. वेळेत. पुढे गवत, शेवाळ आणि ओल. मूर हाउस हे या डोंगरापलीकडचं संरक्षित पठार, तिथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरच्या मानाने काहीच नाही. पण महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत पडून कातळावरून वाहून जातो. इथे बारा महिने थोडा थोडा पडतो आणि खालचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा काळा थर, तो सगळा स्पंजासारखा धरून ठेवतो. वाट चांगली होती, तरी जिथे ओघळ आडवे येत तिथे पाय घोट्यापर्यंत जाई. तिसऱ्या ओघळात बाबांचा डावा बूट भरला. त्यांनी काही सांगितलं नाही. मला आवाजावरून कळलं, पावलागणिक पचक पचक.

साडेसहाशेच्या सुमाराला ढगात शिरलो. आता दहा-पंधरा पावलांपुढचं दिसेना. नवरा नकाशा आणि होकायंत्र धरून पुढे, बाबा मधे, मी मागे. गंमत म्हणजे वारा आता जरा कमी वाटत होता, आणि त्यानेच आम्हाला फसवलं. वाटलं, संपलं, जमलं.

तिठ्यावर पोचलो तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. अट सव्वाबाराची.

पाच मिनिटं शिल्लक

दगडांच्या ढिगामागे वाकून बसलो. मी चिक्की वाटली. बाबांना कागद सोडवता येईना. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला, मग चिक्की मुठीत धरून नुसते बसले. मी विचारलं, “बाबा, हात गार पडलेत का?” ते म्हणाले, “छे. माथा किलोमीटरवर आहे ना? चला.” शब्द जरा ओढून आले, झोपेतून उठल्यासारखे.

तीन मतं झाली. बाबांना माथा हवा होता. एक किलोमीटर, सव्वाशे मीटर, आणि घड्याळ आमच्या बाजूने. नवऱ्याला झोपडी हवी होती. पंधरा-वीस मिनिटांत चार भिंती मिळतील, मोजे बदलू, गरम चहा पिऊ, मग परतू. मला खाली जायचं होतं.

झोपडीचा पर्याय मूर्खपणाचा नव्हता, आणि मी आजही तसं म्हणणार नाही. ओल्या पायाच्या, गारठत चाललेल्या माणसाला आडोसा देणं हे पहिलं काम. पण ती डोंगराच्या दुसऱ्या बाजूला होती, गाडीपासून आणखी दूर, आणि त्या दिवशी वाऱ्याच्या तोंडावर. चूल असली तरी जळण नव्हतं. तिथे बसून बाबा गरम झाले नाहीत, तर पुन्हा सत्तर-ऐंशी मीटर चढून हाच तिठा, तोवर एक वाजून गेलेला. उलट, चालणारा माणूस स्वतःच गरम होतो, आणि उतारावर दर शंभर मीटरला हवा अर्ध्या अंशाहून जास्त उबदार होत जाते. बाबा अजून चालू शकत होते. चालू शकत आहेत तोवर गाडीच्या दिशेने चालावं, एवढाच माझा मुद्दा होता.

मुद्दा पटला असं काही झालं नाही. नियमाने काम केलं. मी म्हटलं, “मी नाही म्हणतेय.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. नियम त्यांचाच. ते उठून उभे राहिले आणि आल्या दिशेला तोंड केलं.

आधी तिथेच, ढिगाच्या आडोशाला, मी त्यांचे बूट काढून मोजे बदलले आणि मोज्यांवर फराळाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून परत बूट घातले. नवऱ्याचे जाड हातमोजे त्यांना, त्याला माझे सुटे. चहा दोन-दोन घोट आणि एक लाडू सक्तीने. पंचवीस मिनिटं गेली. त्यात मीही कुडकुडायला लागले.

ढगातून बाहेर आलो तसा वारा पाठीवर आला आणि खाली जाऊ तसा वाढत गेला. एका ठिकाणी बाबांना त्याने सरळ गुडघ्यावर आणलं. मग तिघं एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून, वारकरी पावली खेळतात तसे, एका रांगेत उतरलो. बाबांचं बोलणं एव्हाना मोकळं झालं होतं. मढेघाटातून प्रेत नेणाऱ्यांना वारा कुठल्या बाजूने लागत असेल, यावर ते ओरडून ओरडून बोलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं. तीन वाजायला दहा मिनिटं कमी असताना गाडीपाशी आलो. शेजारच्या आजींना फोन केला. त्या म्हणाल्या, इतक्या लवकर?

नंतर

घड्याळाची अट कागदावर होती आणि आम्ही ती पाळली. पाच मिनिटं राखून पाळली. ती अट एकटी असती तर आम्ही बरोबर नियोजनानुसार बाबांना माथ्यावर घेऊन गेलो असतो. त्या पठारावर, ढगात, क्रॉसची भिंत शोधत. घड्याळ उजेडाचं मोजमाप करतं, माणसाचं नाही, आणि मी कागदावर फक्त उजेड मोजला होता. बोटांना कागद सोडवता न येणं, अडखळणं, जीभ जड होणं ही शरीर गारठत चालल्याची पहिली लक्षणं आहेत, हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि तिठ्यावर काय तपासायचं ते आधी लिहून ठेवणं यांत फरक आहे. थंडीत निर्णय घेणारा मेंदूही कुडकुडतच असतो. आता माझ्या कागदावर वेळेच्या शेजारी एक रकाना आहे. त्यात लिहिलंय, प्रत्येकाने हातमोजे काढून स्वतःची चिक्की स्वतः सोडवायची.

बूट ही सरळ चूक. मी बाबांशी वाद टाळला, बाकी काही नाही. एरवी ऑफिसात कोणी असं केलं तर मी चालू देणार नाही, पण वडिलांच्या बुटांना नावं ठेवणं निराळं.

वाऱ्याबद्दल नवरा म्हणतो की अंदाज चुकला. मला तसं वाटत नाही. अंदाज माथ्याचा होता आणि माथ्याच्या जवळ तो बराचसा खराच होता. पायथ्याचं सांगायचं काम त्याचं नव्हतं, ते आकाशात लिहिलेलं होतं आणि मी त्याचा फोटो काढत होते. त्या ऑफिसातल्या गृहस्थांना नवऱ्याने सोमवारी फोटो दाखवला. त्यांनी तो क्षणभर पाहिला आणि विचारलं की हे पाहूनही तुम्ही गाडीतून उतरलात?

झोपडीचा वाद घरात चालूच आहे. नवरा म्हणतो, झोपडीत गेलो असतो तरी सगळं ठीक झालं असतं. असेलही. ठीक झालं असतं की नाही हे तपासायचा मार्ग नाही, आणि असं काही तपासायची मला इच्छाही नाही.

पुढचा बेत जूनचा आहे. तेव्हा सूर्य पावणेदहाच्या सुमाराला मावळतो. या वेळी पलीकडून, गॅरिगिलकडून चढायचं. त्या वाटेवर खाणीतून आलेले जांभळ्या फ्लोरस्पारचे खडे पायाखाली दिसतात म्हणे, ते बाबांना बघायचे आहेत. नव्या बुटांना पुण्यातच सराव व्हावा म्हणून ते इथूनच घेऊन पाठवले. बाबा ते घालून पहाटे पर्वती चढतात आणि रोज तक्रारीचा एक निरोप पाठवतात. कालच्या निरोपात विचारलं होतं, त्या झोपडीत चहा मिळतो का. मिळत नाही, असं कळवलंय.